आईचं पान कुठं गेलं

सीमाभागात वाढलेलं माणूस पाटी दिसली की आधी मजकूर वाचत नाही, कुठली भाषा वर आहे ते बघतं. ती खोड मलाही आहे. म्हणून माझं मुलांचं चित्रपुस्तक मराठी-कन्नड दोन्हींत करायचं ठरलं, तेव्हा बेळगावात पानांची मांडणी करणाऱ्या माणसाला मी पहिल्याच दिवशी बजावलं: एका पानावर मराठी वर, पुढच्यावर कन्नड. तो कन्नड घरातला. "व्हय आक्का" म्हणाला, तेही इतक्या चटकन की मला शंकाच आली.

पुस्तक निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचं, म्हणजे माझ्या आईचं. आईला अक्षरओळख नाही. तिनं पुस्तकात स्वतःला बघावं, एवढ्यासाठीच माझी धडपड. मांडीवर सूप घेतलेली आई मी पहिल्याच पानावर ठेवली होती, खाली चार ओळी.

आठवड्यानं त्यानं डमी दाखवली. कागद दुमडून, त्यावर चित्रांचे आणि मजकुराचे तुकडे चिकटवलेले. पहिल्या पानावर बसस्टँड. चोवीस पानांच्या पुस्तकात आई थेट बारा-तेरावर, आणि तिथं मराठीची एकही ओळ नाही. माझं डोकंच फिरलं. आईला मागं ढकललं, वर भाषाही उडवली, असं मी मनात पक्कं करून टाकलं. पर्समधली फूटपट्टी काढली आणि त्याच्यादेखत पानापानावरच्या दोन्ही भाषांच्या अक्षरांची उंची मोजत बसले. बाकी सगळं बरोबर निघालं. त्यामुळं तर माझा संशय वाढलाच.

"अण्णा, आईच्या पानावरचं मराठी कुठं गेलं?"

"कन्नडबी न्हाय की तिथं."

ते मी पाहिलंच नव्हतं.

"त्यास्नी वाचायला येत न्हाय, तुमीच म्हणालासा न्हवं?" तो म्हणाला. "मग त्यांच्या पानावर अक्षरं कशाला? आणि पिना मारलेलं पुस्तक हातात धरलं की मधीच उघडतंय, आक्का. त्यास्नी पान हुडकायला लागायचं न्हाय."

मला लाज वाटली. "बरं" म्हणून फूटपट्टी पर्समध्ये टाकली.

तरी संशयाची खोड जात नाही. पुस्तक छापून आलं, तेव्हा निपाणीला जाऊन ते मिटलेलंच आईच्या हातात दिलं आणि मुद्दाम गप्प बसले. तिनं सूप बाजूला सारलं, तंबाखूचे हात पदराला पुसले आणि पुस्तक उघडलं.

"ही मीच की गं," ती म्हणाली.