हिरव्या रंगाची लेथ

यंत्र दिसलं की टर्नरमामा आधी डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख त्याच्या लोखंडावरून फिरवायचे. कोणी मध्ये बोललं तर खेकसायचे, "रंग काय चाटायचाय?" मुरबाडच्या कारखान्यात लोखंड गोल फिरवून कातणाऱ्या एकाच लेथवर त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती. असा एखादा चिडका कारागीर तुमच्याही ओळखीत असेलच. आपण त्याला तिरसट म्हणतो आणि मोकळे होतो.

म्हशी विकल्यावर गोठा रिकामा झाला, तेव्हा मी तिथे घरचं वर्कशॉप काढायचं ठरवलं. भातगिरणीचे, पंपाचे फिरणारे लोखंडी दांडे, म्हणजे शाफ्ट, करून द्यायचे. पहिली लेथ निवडायला मामांना घेऊन शहापूरपर्यंतचे सगळे जुन्या मशिनींचे व्यापारी पालथे घातले. लेथच्या लांब रुळावर, म्हणजे बेडवर, मामा नख फिरवायचे आणि माझा दंड धरून मला बाहेर काढायचे. एकाने चहा मागवला, तो यायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो.

"म्हसा गावच्या जत्रंत उभा बैल घेतोस काय रे? चालवून बघतोस ना? लोखंड जितं पकडतात त्या चकाजवळ बेड झिजतो. तितं नखाला पायरी लागली तर शाफ्ट कदी सरळ नाय यायचा."

शेवटी एक दिवस म्हणाले, "आमची कंपनी बंद होतेय. माजी लेथ निघंल. काळी हाय, पन बेड सरळ हाय. तिच्या खोडी मला ठाव हायेत. ती घे. दर रविवारी येऊन शिकवीन." 'घे' म्हणताना त्यांचा आवाज उतरला होता. मी तो ऐकला आणि सोडून दिला.

कारण माझ्या डोक्यात खंडेनवमी बसली होती. हत्यारांच्या पूजेला गोठ्यात लेथ उभी हवी, तिला झेंडूचा हार हवा, शेणव्याहून सासरची माणसं येणार. कंपनीचा साहेब तर आज-उद्या करत होता. आणि खोटं कशाला बोलू, पोपडे निघालेली काळी लेथ पाहुण्यांना दाखवायची मला लाजही वाटत होती. मामांना न सांगता मी हिरवीगार रंगवलेली लेथ उचलून आणली.

पूजेला मामा आले, हातात कापडी पिशवी. हिरवी लेथ बघून दारातच थांबले. मग पुढे होऊन त्यांनी हार बाजूला केला आणि चकाजवळ नख फिरवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची पूजा नको करू. दहावं घाल." प्रसाद न घेता निघून गेले. मला इतका राग आला की मी हाकही मारली नाही. भर पाहुण्यांत माझी शोभा केली, हेच पुढे कित्येक दिवस सांगत फिरलो.

त्याच आठवड्यात कंपनीने त्यांची लेथ भंगारात काढली. गेटबाहेर गॅसने कापून लॉरीत भरली. मामा शेवटपर्यंत तिथे उभे होते म्हणे.

माझी लेथ शाफ्ट एका टोकाला जाड करते. तिसरा शाफ्ट परत आला तेव्हा मी मामांच्या घरी गेलो. ते नव्हते. मामींनी मला बस म्हटलं नाही. म्हणाल्या, "सायबाच्या हातापाया पडून तुज्यासाठी लेथ थांबवलेली त्यांनी. पूजेला तिच्या चकाची चावी घेऊन आलेले तुला द्यायला. तशीच पिशवीतनं परत आनली."

व्यापाऱ्यावर चिडावं, तर त्याने रंग विकला आणि मी रंगच घेतला. राग आहे तो माझाच मला, आणि तो जात नाही.

मामा आता हायवेलगतच्या एका गोदामावर वॉचमन आहेत. परवा तिथे शाफ्ट पोचवायला गेलो. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं, चष्मा लावला. मी "मामा" म्हणालो. त्यांनी वर बघितलं नाही.

"नाव सांगा तुमचं," म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी ते नीट लिहून घेतलं.