मांडीवरचं खुरपं

यवतला आमच्या घरामागं शेवंतीचा मळा आहे. तो कसणाऱ्या मावशींना संधिवात आहे, पण "दुखतंय" हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. सकाळी कुंपणापाशी विचारलं की म्हणतात, "बोटं अजून उठली न्हाईत." उन्हं वर आल्यावर विचारलं तर, "उठल्यात, पन रुसल्यात."

दौंडच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवून सांगितलं, व्हिटॅमिन डी कमी आहे, पुड्या घ्या, हातांवर ऊनही घ्या. मावशींना हसू आवरेना. "जलम उन्हातच गेला की माझा!" खरंच होतं ते. फक्त तो सगळा नवऱ्याच्या फुल बाह्यांच्या शर्टात आणि डोळ्यांपर्यंत बांधलेल्या स्कार्फात गेला होता.

परवा त्या बांधावर बसलेल्या दिसल्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, उताणे हात मांडीवर, एका तळव्यावर खुरपं.

"खुरपताय?"

"न्हाई. बाईमानूस नुसतं बसलं की येनारीजानारी बघत्यात. खुरपं दिसलं म्हंजी कुनी काय म्हनत न्हाई."

तेवढ्यात रस्त्यावरून मोटारसायकल आली. मावशींनी घाईनं खुरप्याची मूठ आवळायला घेतली. बोटं मिटेनात. मग त्यांनी दुसऱ्या हातानं ती एकेक करून मुठीभोवती वाकवली आणि गाडी जाईपर्यंत तशीच दाबून धरली.