अभिमनभाऊंची माफी आणि जीवरामचं भरीत

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणारे अभिमनभाऊ इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. तिशीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची दारू सुटली, पत्ते सुटले. भांडणात शेवटचं वाक्य आपलंच असावं, ही हौस मात्र सुटली नाही.

"दारूसाठी गुत्त्यापर्यंत जावं लागतं," ते म्हणायचे. "जीभ तोंडातच बसलेली असते."

नाताळाआधीच्या रविवारी उपासना झाली की चर्चच्या आवारात मंडळीचं भरीत असायचं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. भाजायचा मान मूळच्या चोपड्याकडच्या जीवरामचा. त्या दिवशी उपासनेत प्रार्थनाही तोच करायचा. सत्त्याऐंशी साली अभिमनभाऊ सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "वांगं भाजता येत नाही आणि निघाला प्रार्थना करायला."

तेव्हापासून प्रभुभोजनाची भाकर समोर आली की ते मान खाली घालून ताट पुढे सरकवत. मंडळीतल्या भावाशी समेट नाही, तर भाकर कोणत्या तोंडाने घ्यायची? असं वर्ष गेलं. पुन्हा नाताळ आला. या रविवारी तरी ती भाकर घ्यायची, असं त्यांनी ठरवलं आणि शनिवारी जीवरामकडे निघाले.

"माफी मागा आणि निघा," बायको बेबाबाई म्हणाली. "चहालासुद्धा थांबू नका."

अभिमनभाऊंनी माफी मागितली. जीवरामचे डोळे भरून आले. "झालं गेलं, भाऊ. बसा." त्याच्या बायकोने, कुंदाबाईने, चहा आणला. अर्धा कप संपला आणि अभिमनभाऊ बोलून गेले, "पण वांगी कच्चीच होती."

कुंदाबाईने समोरची बिस्किटं उचलून आत नेली.

घरी बेबाबाईने त्यांचं तोंड पाहिलं. "चहाला थांबलात."

"माझा बाप्तिस्माच वाया गेला," ते खाटेवर बसत म्हणाले.

"शेडमध्ये तेच इंजिन परत परत येतं, ते वाया गेलं म्हणून?"

"दुरुस्तीला येतं."

"मग तुम्हीही जा परत."

"आत्ताच तर आलो."

"बरं झालं. वाट नवी नाही."

दारात त्यांना पाहून जीवराम म्हणाला, "हाई काय भाऊ, पुन्हा वांगी?"

"वांगी नाहीत रे. ते निमित्त होतं. तू प्रार्थना करतोस तेव्हा लोक डोळे पुसतात. मी करतो तेव्हा घड्याळ बघतात. मी जळतो तुझ्यावर. आजही जळतो. देवाला रोज सांगतो, तुला सांगायचं राहिलं होतं."

जीवराम हळूच म्हणाला, "वांगी कच्चीच होती, भाऊ. बठ्ठं माहीत शे मला. उद्या तुम्हीच भाजा."

"नको. तूच भाज. मला गप्प बसायला शिकू दे."

आतून बिस्किटं परत आली.

रविवारी ताट समोर आलं. अभिमनभाऊंनी भाकर घेतली. बायकांच्या बाजूला बेबाबाईने पदराने नाक पुसलं.

नंतर आवारात जाळ पेटला. जीवराम वांगी उलटत होता. ती एका बाजूने कोळसा झाली होती आणि दुसऱ्या बाजूने हिरवीगार होती. अभिमनभाऊ जवळ आले, वाकून बघितलं. तोंड उघडलं. जीवराम हातातला चिमटा थांबवून त्यांच्याकडे बघत राहिला.

अभिमनभाऊंनी शेजारच्या टोपलीतली पुरी उचलली आणि अख्खी तोंडात कोंबली.

"बोला ना, भाऊ," कुंदाबाई हसत म्हणाली.

त्यांनी नुसती मान हलवली आणि दुसऱ्या पुरीला हात घातला.