विजेच्या पंख्यावर करमाळा

सोलापूर सोडलं तेव्हा आमच्या मोटारीच्या जाळीवर झेंडूचा हार होता, चाकांखाली चिरडलेली लिंबं होती आणि मागच्या सीटवर साक्षीदार बसला होता. साक्षीदार म्हणजे माझ्या नणंदबाई, करकंबला दिलेल्या वन्सं. हार त्यांनीच बांधला होता, पण त्यांना धाडलं होतं त्यांच्या भावानं, म्हणजे माझ्या दिरांनी. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता.

प्रकरण असं की माझे यजमान गेले आणि त्यांची जुनी मोटार माझ्याकडे राहिली. ती चालवायला त्यांनीच मला शिकवलं होतं, होटगी रस्त्यावर, लोक थांबून बघत असताना. मी शिक्षिका आहे. शाळेत मोटार घेऊन जाते, आणि हे करमाळ्याच्या भाऊजींना पहिल्यापासून खुपतं. यंदा होळीच्या सुमारास रेडिएटरच्या पंख्याचं पातं मोडलं. इतक्या जुन्या गाडीचं पातं कुठेच मिळेना. गाडी दारात उभी राहिली, आणि भाऊजींना लगेच गिऱ्हाईक सापडलं.

"पाणी न उकळता करमाळ्याला आणून दाखवा," ते म्हणाले, "नाहीतर चावी माझ्याकडे द्या."

मी म्हटलं, आणते. रागात होते हे खरं, पण बोलले ते पूर्ण शुद्धीवर.

गाडी यल्लप्पा मिस्त्रीकडे दिली. त्याचे भाऊ चादरी विणतात. हा एकटाच मागावरून उठून इंजिनात शिरलेला. त्यानं भंगारातून एका परदेशी गाडीचा विजेचा पंखा हुडकून आणला. हा पंखा पट्ट्यावर नाही, बॅटरीवर फिरतो. रेडिएटरच्या मागे तो बसवून यल्लप्पानं लाल तार खटक्याला जोडली, काळी गाडीच्या बॉडीला. खटका दाबला तर पंखा असा भणाणला की शेजारचा चहावाला बघायला आला. दुकानापुढे गाडी बराच वेळ नुसती चालू ठेवली. उष्णतेचा काटा मधल्या खुणेच्या जरा वर जाऊन थांबला.

"झालं की बाई, आता कुटं बी जावा," यल्लप्पा म्हणाला.

पुण्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी काढून मोकळी झालेली काळी रानं, मधूनच एखादी बाभळ. ऊन सकाळपासूनच तापलेलं. मोहोळच्या अलीकडे काटा चढू लागला. वेग वाढवला की वारा लागून इंजिन निवतं, असा माझा आजवरचा अनुभव. इथे वेग वाढवावा तसा काटा आणखी वर. शेवटी एका कडुलिंबाखाली गाडी घेतली. इंजिन आणि पंखा चालूच ठेवला.

"उकाळलं का वो वैनी पानी?" वन्संनी लगेच विचारलं.

"नाही."

"मग थांबलो कशाला?"

"उकळू नये म्हणून. जेवून घेऊ."

कडक भाकरी (भाजून वाळवलेली, पापडासारखी मोडणारी) आणि शेंगाचटणी आम्ही सावलीत बसून खाल्ली. तेवढ्यात एक ट्रकवाला थांबला.

"गाडी चालवतंय कोन?"

"मी."

"मग तापनारच की."

"तुमचा ट्रक तापला तर कळवा," मी म्हटलं, "येईन बघायला." तो ट्रकमध्ये चढून निघून गेला. मला मात्र भाकरी गोड लागेना. काटा हवा तेवढा उतरत नव्हता आणि करमाळा अजून लांब होतं. चावी हातातून जाते की काय, अशी भीती पहिल्यांदाच वाटली.

"वैनी, हे बगा की," वन्सं कुरकुरल्या. "तुमचा पंखा माझा हार भाईर ढकलतोय. देवाचं बी ठिवत न्हाय."

मी पाहिलं. हाराची खालची टोकं जाळी सोडून रस्त्याकडे उडत होती. म्हणजे पंखा उलटा फिरत होता! वारा आत ओढायचा सोडून बाहेर फेकत होता. उभ्या गाडीत तेवढ्यावर कसंबसं भागलं. पळत्या गाडीत समोरचा वारा आणि आतला पंखा एकमेकांशी भांडत होते.

कारणही लक्षात आलं. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू बॉडीला जोडतात, आमच्या जुन्या गाडीत अधिक बाजू. हे यजमानांनी मला बॅटरी बदलताना दाखवलं होतं. यल्लप्पानं सवयीनं हल्लीच्या गाडीसारखी जोडणी केली, त्यामुळे वीज उलटी वाहून पंखा उलटा फिरला, आणि मीही समोर उभी राहून मान डोलावली होती.

इंजिन बंद केलं, पदर खोचला, डिकीतली पक्कड काढली आणि दोन्ही तारांची अदलाबदल केली. गाडी सुरू करून खटका दाबताच हार जाळीला गच्च चिकटला.

वन्संनी जाळीपुढे तळहात धरला. "आता वढतंय," त्या म्हणाल्या, आणि दार उघडून पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

टेंभुर्णीपासून पुढे मी गाडी मनसोक्त पळवली. काटा जागचा हलला नाही. करमाळ्यात भाऊजी गिऱ्हाइकाला घेऊन ओट्यावरच बसले होते. त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही, थेट बहिणीकडे वळले.

"सांग, उकळलं ना?"

"न्हाय."

"वाटेत थांबलाच नाहीत?"

"थांबलो की. जेवाय. तारा उलट्या हुत्या, त्या वैनींनी सोताच्या हातानं बदलल्या."

भाऊजींनी बॉनेट उघडून पाहिलं, रेडिएटरजवळ हात नेला, परत घेतला. गिऱ्हाईक चहा संपवून निघून गेलं. मग भाऊजी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, परतीला तरी ड्रायव्हर घेऊन जा. माझ्या ओळखीचा आहे."

मी काही बोलायच्या आत वन्सं पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या.

"डायवर हाय की," त्या म्हणाल्या.

उन्हं कलताना सोलापूरच्या गिरण्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. हार सुकला होता, तरी जाळीला धरून होता. गाडी म्हातारी आहे. कधीतरी मी ती विकेनही, आणि गिऱ्हाईक भाऊजींनीच आणलं तरी माझी हरकत नसेल. फक्त ते गिऱ्हाईक माझ्या ओट्यावर येऊन बसेल, आणि भाव मला विचारेल.