न भडकलेली डिश

माझ्या धाकट्या बहिणीसारखं डोकं आमच्या अख्ख्या खानदानात नाही. मी टायरवाला माणूस, पण बहीण माझी आहे. लोक कोंबड्या पाळतात, ही लॅबमध्ये छोट्या डिशांत रोगाशी लढणाऱ्या पेशी पाळते.

तिनं मला समजावलं ते असं. जंतू दिसला की या पेशी भडकतात, आत सूज आणणाऱ्या जीन्स चालू होतात. मग शरीरच एक रेणू पाठवतं. तो पेशीला बाहेरून चिकटतो, आत निरोप जातो आणि त्या जीन्स मंदावतात. बहिणीला असाच एक नवा रेणू सापडलेला. निकाल एवढा झकास, की तिच्या मॅडम संध्याकाळी रिपोर्ट पाठवणार होत्या. पहिलं नाव हिचं!

सकाळी तिला लॅबला सोडलं, तर गाडीतून उतरेचना.

"दादा, एक डिश भडकलीच नाही."

"मग छानच की! थंडच करायच्या होत्या ना?"

"अरे, तिच्यात रेणू घातलाच नव्हता. नुसते जंतूचे तुकडे. पेटायलाच हवी होती ती."

"मग कशानं विझली?"

"पेशींना आम्ही सीरम पाजतो, रक्तातलं पाणी म्हण. रेणूवाल्या डिशना नव्या बाटलीतलं पाजलं, बिनरेणूच्यांना जुन्यातलं. फक्त ही एक चुकून नव्यातलं प्यायली. नव्यात सूज दाबणारा हार्मोन जास्त असेल, तर सगळं श्रेय त्याचं. माझा रेणू फुकट मिरवतोय."

मी म्हटलं, "कुणाला कळणार आहे?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप दार उघडलं.

तिच्या मागोमाग मीही लॅबमध्ये गेलो. मॅडम भडकल्याच. "आज? आत्ता सुचतंय तुला?"

"रिपोर्ट गेला की परत बोलावता येणार नाही, मॅडम."

तिनं कोळशातून गाळलेलं सीरम घेतलं. कोळसा हार्मोन शोषून घेतो. दोन्हीकडच्या डिशना तेच पाजलं आणि कामाला लागली. मी काचेबाहेर बसलो. दुकानातून फोन आला, म्हटलं, मरू दे गिऱ्हाईक.

दुपार कलली तेव्हा मशीन सुरू झालं, मी दारात जाऊन उभा राहिलो. सूज आणणारी जीन जितकी जोरात चालू, तितकी तिची रेघ स्क्रीनवर लवकर चढते. बिनरेणूची रेघ सर्रकन वर गेली. म्हणजे पेशी पेटल्या. आता रेणूवाली जितकी उशिरा चढेल, तितकं बरं. मॅडम उभ्याच. बहीण नखं खात होती, लहानपणी खायची तशी.

रेघ सपाट राहिली. अजून सपाट. आणि मग हलली.

"चढली," मॅडम म्हणाल्या.

"थोडी उशिरा चढली."

"थोडीच. आपण लिहिलंय त्याच्या निम्मंही नाही."

"नाही. पण आहे ते रेणूचंच आहे."

मॅडम खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

"उघड रिपोर्ट. बाटल्यांचा घोळ सगळ्यात आधी लिही. आज काही जात नाही हा."

"आणि माझं नाव?"

"घोळही तुझाच ना? मग नाव कोणाचं लावू, माझ्या सासूचं?"

बहीण हसता हसता रडली. मी नाही रडलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.