तळहातावर घेतलेली वाईन

आरं, फोन जरा कानाशी धर, सारखं "नंतर बोलतो" काय लावलंयस? आज टोपलीतली द्राक्षं आंबल्याचा वास आला, आन् तू लग्नानंतर सूनबाईला पहिल्यांदा घेऊन आलास ते आठवलं. तिनं वाईनच्या दोन बाटल्या काढल्या, एक लाल, एक पांढरी. तिच्या वडलांनी इटलीत, मोलिसेच्या डोंगरात, स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांच्या केलेल्या. "तिकडच्या लोकांना बी हा भाग ठाऊक न्हाय," तू हसलास. तुझे आण्णा मात्र "घरात दारू आणली?" म्हणत ताटावरून उठले. पोरीचं तोंड एवढंसं झालं. म्या उजवा हात पुढं केला, तीर्थ घेतात तसा. पांढरी आंबटसर लागली, लालनं जांभळावानी जीभ धरली. "बरी हाय गं," म्या म्हणाले, तर ती माझा हात धरून रडायलाच लागली. आण्णा अजून तिच्याशी बोलत न्हाईत. पण परवा मलाच विचारलं, "व्याह्याच्या बागेला यंदा गारा लागल्या का गं?" मधल्या मधी निरोप पोचवून म्या दमले रे बाबा. तिला घेऊन लवकर ये.