ही बाजू गाढवाकडे

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी अर्धी दाढी करून उभा होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, "कुठे?" ...आयुष्यभरात केलेल्या मूर्खपणांत हा प्रश्न सगळ्यात वरचा. मग माझं मलाच कळलं.

अरुण माझा पाणीगेटचा शाळासोबती. बडोद्यात घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले त्या काळात त्याने चांगली नोकरी सोडली आणि छाणीला एका गाळ्यात ॲनिमेशनचं काम थाटलं. पडद्यातून अंगावर येणाऱ्या चित्रांचं त्याला वेड. एकच दृश्य दोनदा काढायचं, एकदा डाव्या डोळ्याच्या जागेवरून, एकदा उजव्या. मग लाल-निळ्या चष्म्यातून पाहिलं की चपटं चित्र जिवंत होतं. त्यासाठी दोन डोळे मात्र लागतात, आणि नेमका त्याचा उजवा गेला. आत गाठ निघाली, डोळाच काढावा लागला. काम सोड, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "मग मी करू काय?" असं तो विचारायचा. मग कोयलीच्या रिफायनरीतली ड्यूटी संपली की मी त्याच्या गाळ्यावर जाऊन चष्मा लावून बसायला लागलो. "पुढे की मागे?" तो विचारणार, मी सांगणार, तेवढा तो कॅमेरा सरकवणार.

चष्मे आमचे घरीच कापलेले, पुठ्ठ्याचे, जिलेटिन कागद चिकटवलेले. काड्या कुठल्याही बाजूला दुमडता यायच्या. एका दुपारी मी माझा उलटा दुमडून घातला. डावीकडचा लाल कागद उजव्या डोळ्यावर. उडणारी चिमणी मागे गेलीय आणि डोंगर पुढे आलेत, असं छातीठोक सांगितलं. त्याने बिचाऱ्याने विश्वासाने डाव्या-उजव्या चित्रांची अदलाबदल करून टाकली. मुलांसाठीची फिल्म होती ती. काम देणारे शेठ सहकुटुंब बघायला आले, तर डोंगर त्यांच्या नाकावर आणि चिमणी पार आभाळाच्या पलीकडे! शेठ डोळे चोळत उठून गेले, त्यांच्याबरोबर कामही गेलं. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. अरुण म्हणाला, "अल्या, माझा तर एकच गेलाय. तुझे दोन्ही कधी गेले?" मग माझ्या चष्म्याच्या आतल्या अंगाला त्याने पेनने लिहिलं, 'ही बाजू गाढवाकडे'. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच बोलावलं.

पुढे गाठ पसरली. शेवटी भेटलो तेव्हा उरलेल्या डोळ्याला नुसत्या सावल्या दिसत होत्या. एरवी चहाचा कप घेण्याआधी तो मान डावी-उजवीकडे हलवून अंतराचा अंदाज घ्यायचा. त्या दिवशी मान उचलत नव्हती. "सुलभा किती लांब आहे रे?" त्याने विचारलं. वहिनी दारातच थबकल्या होत्या, तोंडाला पदर लावून. मी म्हणालो, "हाताशीच आहेत." त्याने हात पुढे केला. हात हवेत चाचपडत राहिला...

"परत उलटा घातलास," तो म्हणाला.

वहिनी धावत आल्या आणि त्यांनी तो हात घट्ट धरला.

गाळा रिकामा करताना त्यांनी तो चष्मा मला आणून दिला. परवा खिडकीशी बसून, लिहिलेलं नीट वाचून, बरोबर बाजूने घातला. रस्ता, झाड, समोरचं घर, सगळं आपापल्या जागी होतं. पुढे की मागे, विचारणारं कोणी नव्हतं.